सातवा खण

मित्रांनो, पालघरच्या एका पाणी तपासणी केंद्राच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्या आणि गंजलेल्या पंख्याच्या खाली, एक जुनी लाकडी पेटी पडलेली आहे. ती मी. माझे झाकण उघडलेत तर आत चोवीस खण दिसतील. तेवीस खणांत आता धूळ आहे. एका खणात काचेची बाटली आहे, तीही उलटी, तोंड खाली आणि बूड वर. ती बाटली कोणी काढत नाही. ती तिथे का आहे, ते तुम्हाला सांगावे म्हणून मी बोलते आहे.

माझा जन्म शिरगावचा, साल अठ्ठ्याहत्तर. किनाऱ्यावर एक होडी मोडीत निघाली होती. तिच्या चांगल्या राहिलेल्या फळ्या महादू सुतारांनी विकत घेतल्या आणि रंधा मारता मारता म्हणाले, "हे लाकूड पाण्याला सरावलेलं हाय. इतकी वर्षं पाण्यावर होतं, आता पाणी पोटात घेऊन फिरंल." त्यांनी मला खण पाडले, जुन्या घोंगडीचे तुकडे कापून खणांना अस्तर लावले आणि तापल्या सळईने प्रत्येक खणावर आकडा डागला. मधोमध पत्र्याचा एक कप्पा बसवला. तो बर्फासाठी. विहिरीचे पाणी तपासायचे असेल तर ते त्याच दिवशी, गार ठेवून न्यावे लागते. बर्फ मासळीवाल्यांकडून येई, म्हणून पहिल्या महिन्यातच मला जो बोंबलाचा वास लागला तो आजही गेलेला नाही.

मला सांभाळायला पुंजाराम होते. ते नाशिककडचे, नोकरीसाठी इकडे आलेले. सायकलच्या कॅरियरवर मला रबरी ट्यूबने आवळून ते बोईसरच्या चाळींत, माहीमच्या वाड्यांत, नवापूरच्या वाटेवरच्या वस्त्यांत फिरत. विहिरीपाशी सायकल लावायची, गरम वाफेत शुद्ध केलेली बाटली काढायची, तिला दोरी आणि दगड बांधून आत सोडायची. बाटलीच्या तोंडाला बोट लागू द्यायचे नाही, हा त्यांचा नेम. माशी बसली तरी ते ती बाटली बाद करत.

मित्रांनो, माझी एक मर्यादा मी आधीच सांगते. पाणी चांगले की वाईट, हे मला कधी कळले नाही. दोन्ही बाटल्यांचे वजन सारखेच असते. पण कोणत्या खणातली बाटली भरलेली आहे आणि कोणत्या खणातली रिकामीच परत आली आहे, हे मला सायकलच्या पहिल्या खड्ड्यात कळे. भरलेली बाटली खणात घट्ट बसते. रिकामी खुळखुळते.

पाणी कसे आहे हे सांगण्याचे काम चंद्रकांताबाईंचे. त्या विज्ञान शिकलेल्या, कमी बोलणाऱ्या. पाण्याचे थेंब त्या बशीत घेत, बशा दोन दिवस उबेच्या कपाटात ठेवत आणि मग भिंगातून जंतूंचे ठिपके मोजत. ठिपका एकही नसला तर शून्य लिहीत. दहाच्या आत असले तर पाणी चालण्याजोगे. दहा किंवा त्याहून जास्त असले तर विहीर खराब. आणि एखादी बाटली आलीच नसेल, तर त्या ओळीत तांबड्या शाईने 'नमुना नाही' असे लिहीत. एकदा मुंबईहून आलेल्या साहेबांनी बाईंचे काम पाहिले, माझेही झाकण उघडून पाहिले आणि म्हणाले, "पेटी छान ठेवली आहे." त्या दिवशी पुंजारामांनी मला खोबरेल तेलाने पुसले. माझे ते चांगले दिवस होते.

चौऱ्याण्णव साली केंद्रात संगणक आला. त्याच्याबरोबर खंडेराव आले. तरुण, हुशार, बोईसरला क्लास करून शिकलेले. संगणकावर उभ्या-आडव्या रेघांचा तक्ता उघडायचा, एका ओळीत एक विहीर, शेजारच्या चौकटीत जंतूंचा आकडा. पुढच्या चौकटीत खंडेरावांनी एक सूत्र लिहून ठेवले होते: आकडा दहापेक्षा कमी असेल तर एक मांड, नाहीतर शून्य मांड. सगळ्या एकांची बेरीज केली की चांगल्या विहिरी किती ते निघे. एकूण ओळींतून ती वजा केली की खराब किती ते निघे. ज्या कामाला बाईंना अख्खी सकाळ लागे ते चहा निवायच्या आत होई.

मला रोज त्या टेबलाखाली ठेवत.

"पुंजाभाऊ, तुमची पेटी जरा लांब सारा," खंडेराव म्हणत. "हिच्या वासाने माझ्या मशीनला पडसं व्हायचं."

"तुमचं मशीन बसल्या जागी पंख्याचं वारं खातं," पुंजाराम म्हणत. "माझी पेटी ऊन खाते. पडसं कुणाला व्हायचं, सांगा."

बाई हसत, पण वर पाहत नसत.

आता पंच्याण्णवचा ऑक्टोबर. नवापूरच्या वाटेवर माडवाडी नावाची एक लहान कोळ्यांची वस्ती होती. चौदा घरे, घरटी एक विहीर. विहिरींना एकपासून चौदापर्यंत आकडे दिलेले, आणि ज्या आकड्याची विहीर त्याच आकड्याचा माझा खण. वाडीच्या वरच्या अंगाला त्या वर्षी कारखान्यातल्या कामगारांसाठी नवी चाळ उभी राहिली होती आणि चाळीच्या संडासाचा खड्डा उतारावर, माडांच्या रांगेमागे होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा वाटेवर मंजुळाबाई भेटल्या. त्या सहाव्या विहिरीच्या मालकीण, रोज मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात जाणाऱ्या.

"आले पाणीवाले," त्या म्हणाल्या. "दरवेळी पाणी नेता, आणत तर काय नाय. तुमी कसले पाणीवाले?"

"आणायला लागलो तर तुम्ही मला मासळी फुकट द्याल का?"

"वास घ्या फुकट. पेटीला हायच." मग त्यांचा आवाज उतरला. "येसूवयनीकडे जाऊ नका आज. दादूभाऊ परवा गेले."

"कशाने?"

"उलट्या आन् जुलाब. दोन दिवसांत खल्लास. शिळी मासळी बाधली म्हणतात."

येसूबाईंचे घर सातवे. मला सायकलवरून त्यांचे अंगण दिसत होते. पांढऱ्या कपाळाच्या येसूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, भोवती चार बायका. विहीर त्यांच्या पलीकडे, अंगण ओलांडून.

पुंजाराम सायकल धरून थांबले.

"तुमाला प्यायचं थोडंच हाय?" मंजुळाबाई म्हणाल्या. "बाटलीच भरायची ना?"

"सुतकाच्या घरचं पाणी घेत नाही आम्ही. आणि रडत्या माणसांसमोरून दोरी-दगड घेऊन जायचं, बरं नाही दिसत. दहावं होऊ दे. मग येतो."

मित्रांनो, यात त्यांचे काही वाईट होते असे मी म्हणणार नाही. तुमच्याही घरी अशा वेळी कोणी बाटल्या घेऊन आले असते तर तुम्हाला आवडले नसते. परतीच्या वाटेवर तेरा बाटल्या गप्प होत्या आणि सातवी खुळखुळत होती.

पुंजारामांनी केंद्रात आल्याबरोबर बाईंना सांगितले, "सातवी नाही. घरात सुतक आहे." बाईंनी मान हलवली. दोन दिवसांनी ठिपके मोजून त्यांनी खंडेरावांकडे कागद दिला. सातच्या पुढे 'नमुना नाही' असे लिहिले होते. त्याच संध्याकाळी पुंजारामांना आईच्या आजारपणाची तार आली आणि ते गावी गेले. माझ्यातल्या चौदाही बाटल्या धुऊन खणांत परत ठेवल्या गेल्या. धुतल्यावर सातवी बाटली बाकीच्या तेरांसारखीच दिसत होती. जिच्यातले पाणी ओतून टाकले ती आणि जिच्यात पाणी कधी आलेच नाही ती, दोन्ही रिकाम्याच.

तक्ता भरताना खंडेराव सातव्या ओळीवर अडले. 'माहीत नाही' अशी एक खूण त्या तक्त्यात टाकता येते. त्यांनी ती टाकली. पण ती खूण टाकताच तळाच्या बेरजेच्या जागीही आकडा जाऊन तीच खूण उमटली. मशीन खरे तेच सांगत होते: चौदांतली एक माहीत नसेल, तर चांगल्या किती हे मला सांगता येत नाही. पण ग्रामपंचायतीचा माणूस, पंढरी, यादीसाठी बाहेर बाकावर बसला होता आणि केंद्राच्या साहेबांनी आतून दोनदा विचारले होते.

"हे काय नवीन," खंडेराव पुटपुटले. त्यांनी ती खूण पुसली. चौकट कोरी झाली आणि तळाला लगेच आकडा आला. चांगल्या नऊ, खराब पाच. एकूण चौदा.

बाईंनी तळाची ओळ पाहिली. नऊ आणि पाच चौदा होतात. बेरीज जुळली म्हणून वरच्या ओळी कोणी पुन्हा पाहिल्या नाहीत. बाईंनी सही केली.

पंढरीने यादीबरहुकूम विहिरींच्या कठड्यांवर रंग मारला. पाच विहिरींवर तांबडे फुलीचे चिन्ह, नऊ विहिरींवर पांढरे गोल. सातव्या विहिरीवर पांढरा गोल. मंजुळाबाईंच्या सहाव्या विहिरीवर तांबडी फुली.

पुढचे मला पंधरवड्याने कळले. पुंजाराम परत आले त्याच आठवड्यात माडवाडीतून जुलाब-उलट्यांचे रोगी दवाखान्यात येऊ लागले. चंद्रकांताबाईंनी पदर खोचला, म्हणाल्या, "मी येते बरोबर," आणि एका टेम्पोत पुढे त्या बसल्या, मागे पुंजाराम आणि मी.

मंजुळाबाई वाटेवर भेटल्या नाहीत. त्यांच्या अंगणात माणसे बसली होती.

"कोण गेलं?" पुंजारामांनी विचारले.

"मंजुळा," एक म्हातारा म्हणाला. "काल सकाळी."

बाई पुढे चालू लागल्या. सातव्या विहिरीवर घागरींची रांग होती. येसूबाई स्वतः रहाट ओढत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी घाम पुसला.

"या बाई. यांची विहीर लाल, त्यांची लाल, सगळी इकडेच येतात. सुतकात कुणी आमच्या दारात पाय ठेवला नाय. आता सरकारनं पांढरा गोल मारला तवा आली. येऊ देत. ह्यांच्या मागे घरात बोलायला तरी कोण हाय."

चंद्रकांताबाईंनी पांढऱ्या गोलावर बोट ठेवले. "येसूबाई, या विहिरीचं पाणी आम्ही कधी नेलं?"

"नेलं कुठं? तुमचे भाऊ आले तवा हे गेलेले. ते वाटंवरूनच परत गेले. नंतर कुणी आलंच नाय."

पुंजारामांनी माझ्या झाकणावर हात ठेवला होता.

"घागरी ओता," बाई रांगेला म्हणाल्या. "सगळ्यांनी. आत्ता. आणि तपासणी होईपर्यंत लांबच्या, दहाव्या विहिरीचं पाणी उकळून प्या."

"अवो, गोल पांढरा हाय ना?" रांगेतली एक बाई म्हणाली.

"तो गोल चुकला आहे."

पाणी मातीत ओतल्याचा आवाज तेवढा झाला. पुंजारामांनी सातवी बाटली काढली आणि दोरी बांधायला गेले, पण त्यांच्या बोटांना गाठ येईना. बाईंनी ती बांधली.

येसूबाई बघत होत्या. बाटली वर आली, तिला बूच बसले, ती माझ्या सातव्या खणात गेली. मग त्यांनी विचारले, "मंजुळानं आमच्याच इथलं नेलेलं. त्याच्यानं गेली का ती?"

"तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही," बाई म्हणाल्या.

"मीच भरून दिलेलं. पाटी उचलून तिचा खांदा धरलेला, म्हणून तिची घागरपण मीच ओढली. रोज."

दोन दिवसांनी सातव्या बशीतले ठिपके एकमेकांत मिसळून गेले होते. मोजता येत नव्हते.

बाईंनी खंडेरावांना तो तक्ता उघडायला लावला. मी टेबलाखाली होते.

"सातव्या ओळीत आकडा नाही. मग पुढे हा एक कोणी मांडला?"

"सूत्राने, बाई. आपोआप."

"या चौकटीत शून्य टाका."

खंडेरावांनी शून्य टाकले. पुढे एक तसाच राहिला.

"आता पुसा."

त्यांनी पुसले. एक तसाच राहिला. खंडेरावांचा चेहरा उतरला. चौकट कोरी असली तरी तुलना करताना मशीन तिला शून्य धरत होते, आणि शून्य दहापेक्षा कमीच. पाणी तपासून एकही जंतू सापडला नाही काय, आणि पाणी आलेच नाही काय, त्याच्या लेखी दोन्ही सारखेच होते. उलट कोऱ्या चौकटीची विहीर सगळ्यांत निर्मळ ठरत होती.

"आणि कोरी कोणती राहते?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या खंडेरावांशी बोलत होत्या की स्वतःशी, कोण जाणे. "जिथे सुतक आहे, ती. म्हणजे जिथे माणूस मेलं, ती. नेमकी तीच आपण चांगल्यात मोजतो."

पुंजाराम दारात उभे होते. ते म्हणाले, "मी त्या दिवशी अंगण ओलांडायला हवं होतं."

"तुम्ही आल्याबरोबर मला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "कागदावर ते उतरलंही होतं. पुढे ते पुसलं गेलं आणि मी बेरीज पाहून सही केली."

खंडेरावांनी कळफलक पुढे ओढला. मग त्यांनी सूत्र बदलले. आता सूत्र आधी विचारू लागले: चौकट भरलेली आहे का? नसेल तर पुढे काहीच मांडायचे नाही. भरलेली असेल तरच दहाशी तुलना. आणि खराब विहिरी वजाबाकीने नव्हे, स्वतंत्र मोजायच्या. तळाला एकाऐवजी चार आकडे आले: एकूण ओळी, चांगल्या, खराब आणि कोऱ्या.

"साहेब म्हणतील, यादी लांबली," खंडेराव म्हणाले.

"लांबू दे. कोऱ्या किती ते सगळ्यांत वर लिहा."

माझ्यासाठीही एक नेम झाला. ज्या घरचे पाणी मिळाले नाही, त्या खणातली बाटली उलटी ठेवायची आणि ती विहीर तपासली जाईपर्यंत सुलटी करायची नाही. धुवायलाही काढायची नाही. साहेबांनी विचारले तरी नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही माडवाडीला गेलो. पुंजारामांनी पंढरीकडून तांबडा रंग मागून घेतला आणि पांढऱ्या गोलावर स्वतः फुली मारली. उतारावरचा खड्डा बाईंनी पाहिला आणि पंढरीला दाखवला. मग त्या येसूबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "हो. याच पाण्याने."

"आन् हे पण?"

"त्यांच्या वेळचं पाणी आमच्याकडे नाही. त्यामुळे ते मला सांगता येत नाही."

येसूबाईंनी मान हलवली. विहिरीवर त्यांनी माडाच्या झावळ्यांची झापे टाकली, वर पाटा ठेवला आणि आत गेल्या.

त्यानंतर काही वर्षे मी त्या वाडीत जात राहिले. विहिरीवर पुढे पंप बसला, खड्डा हलवला गेला, पाणी पुन्हा तपासले, चांगले निघाले, पंढरीने पुन्हा पांढरा गोल काढला. तरी येसूबाई दारी आलेल्याला पाणी विचारीत नसत. पाहुणा असो, टपालवाला असो, उन्हातून आलेले पुंजाराम असोत. बसायला पाट देत, मुलाबाळांची चौकशी करत. आणि तहान लागलेली दिसली तर रस्त्याच्या नळाकडे बोट दाखवत.

मग थर्माकोलच्या हलक्या पेट्या आल्या आणि मला मागच्या खोलीत ठेवले. पुंजाराम निवृत्त झाले त्या दिवशी ते मला भेटायला आले. बाटल्या नव्या पेटीत नेल्या होत्या, पण एक त्यांनी परत आणली आणि सातव्या खणात उलटी ठेवली. ती कोणत्या विहिरीची, असे खंडेरावांनी विचारले.

"दादूंच्या वेळची," पुंजाराम म्हणाले. "ती आता कधी सुलटी व्हायची नाही."

मित्रांनो, तुम्हीही पुढे मोठमोठे तक्ते भराल. माझ्यापेक्षा कितीतरी हुशार यंत्रे तुमच्यासाठी मोजतील. त्यांना मोजू द्या. पण बेरीज जुळली म्हणून उठू नका. मध्ये एखादी चौकट कोरी असेल तर तिच्यात शून्य आहे असे समजू नका. तिथे कोणाचे तरी दार आहे आणि त्या दारातून कोणी आत गेलेले नाही. आधी तिथे जाऊन या.

मी आता कुठे जाऊ शकत नाही. माझ्या सातव्या खणातल्या बाटलीत पाणी नाही, आणि ते पाणी कसे होते हे मी कधीच सांगू शकणार नाही. पण तिला मी घट्ट धरून ठेवले आहे.